टिंक्चर आयोडिनची बाटली
कोऱ्या चहाचा वास आला की मला आमचं लातूरचं फार्मसी कॉलेज आठवतं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये निघालेलं ते कॉलेज, त्याला अजून मान्यता नव्हती. तपासणीच्या दिवशी सरांनी आम्हाला रिकाम्या बाटल्यांत कोरा चहा भरून वर ‘टिंक्चर आयोडिन’च्या चिठ्ठ्या चिकटवायला लावल्या. “सर, वास येऊन राहिलाय,” मी म्हणालो. “झाकण कोण उघडतंय?” सर खेकसले. तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकी माझ्यासमोरचीच बाटली उघडली, नाकाशी धरली अन् मला विचारलं, “हे काय आहे?” पाठीमागे सर उभे, अन् माझी दोन वर्षं पणाला लागलेली. “टिंक्चर आयोडिन, साहेब.” त्यांनी माझ्याकडं बघत झाकण लावलं आणि सही केली. आज माझं स्वतःचं मेडिकल आहे, पण गिऱ्हाईकाला द्यायची सीलबंद बाटलीसुद्धा माझा हात आधी नाकाशी नेतो.