मला वर्गातच बसायचं होतं

“मागे कोण बसल्यात?” स्क्रीनवरच्या बाईंनी विचारलं.

पुण्याच्या आजीने मान न वळवता सांगितलं, “कोणी नाही हो. घरात मदतीला असतात.”

जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावातलं तुमचं घर. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. लॅपटॉपवर पुण्याहून जर्मन शिकवणाऱ्या बाई. समोरच्या खुर्चीत पुण्याची आजी, म्हणजे तुमच्या आईची आई, माझी विहीण. तिच्या मागे स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर मी. माझ्या मांडीवर तुझा भाऊ, तेव्हा आठ महिन्यांचा. तू गालिच्यावर चित्र रंगवत होतीस.

स्क्रीनवरच्या बाई हसल्या. “बसू देत की. बिचाऱ्यांच्याही कानावर चार शब्द पडतील,” म्हणाल्या.

मी उठले नाही. बाळ नुकतं झोपलं होतं.

आता क्रमाने सांगते. तुम्ही दोघं हे कधी वाचाल, वाचाल की नाही, मला माहीत नाही. हे मी जर्मनमध्ये लिहिणार होते. एवढं जर्मन अजून येत नाही, म्हणून मराठीत.

औरंगाबादच्या कॉलेजात मी निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं. विहीणबाईंना हे माहीत होतं. लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं. तुमचे आजोबा गेले, तुझा भाऊ झाला आणि तुझ्या बाबांनी मला बोलावून घेतलं. तीन महिन्यांचा व्हिसा. विहीणबाई आधीच आल्या होत्या. कामं कोणी वाटून दिली नाहीत, आपोआप वाटली गेली. त्यांच्याकडे पूजा, तुला गोष्टी सांगणं आणि व्हिडिओ कॉलवर नातेवाइकांना बाळ दाखवणं. माझ्याकडे बाळाचे लंगोट, भांडी, भाजी, आणि सकाळी तुला किटामध्ये, म्हणजे तिथल्या बालवाडीत, सोडणं.

आणि फ्रिज. फ्रिजचा वरचा कप्पा विहीणबाईंचा होता. त्यातलं दही, फळं, भिजवलेला साबुदाणा, कशालाच मी हात लावायचा नाही. पहिल्याच दिवशी गोड आवाजात त्यांनी सांगितलं होतं, “गैरसमज नको हं विहीणबाई, माझं उपासातापासाचं असतं.” एकदा बाळाची दुधाची बाटली मी चुकून त्या कप्प्यात ठेवली. संध्याकाळी कप्पा रिकामा करून, काच काढून, बेसिनमध्ये घासायला ठेवलेली होती. तुझी आई ऑफिसातून आली. तिने ते पाहिलं. काच पुसून परत बसवली.

जर्मनीतल्या फ्रिजमध्ये सोवळ्याचा कप्पा. मी पाहिला आहे.

मला जर्मन शिकायचं होतं, कारण तू मला जर्मनमध्ये उत्तर द्यायचीस. मी मराठीत विचारायचे, तुला सगळं कळायचं, पण उत्तर जर्मन. मला फक्त तुझा सूर कळायचा. शिकायचं म्हटल्यावर विहीणबाई म्हणाल्या, “वेगळा क्लास कशाला? माझा चालू असतो तेव्हा मागे बसून ऐका की. कॅमेऱ्यात दोघी मावत नाहीत, एवढंच.”

मागे बसून ऐका.

चौथीपर्यंत मी गावच्या शाळेच्या ओसरीवर बसले. वर्गाबाहेर. मास्तरांचा आवाज ऐकू यायचा, फळा दिसायचा नाही. पाढे मला कानाने आले. अक्षरं फार उशिरा आली, कारण अक्षरं ऐकून येत नाहीत. कोणाची आपण लेकरं, हे तुम्हाला तुमच्या घरात कोणी सांगितलेलं नसणार. मी सांगते. आपण महार. गाव आम्हाला त्या नावाने हाक मारायचं. माझ्या वडिलांनी धम्म घेतला, आपण बौद्ध झालो. गावाने हाक बदलली नाही.

तुझ्या बाबांनी पुण्यात नोकरी लागताच गॅझेटमधून आडनाव बदलून घेतलं. माझ्या आणि तुमच्या आजोबांच्या आडनावाऐवजी गावाच्या नावाला ‘कर’ लावलेलं नवं. मला कळवलं ते झाल्यावर. तुमच्या दाराच्या बेलशेजारी तेच लिहिलेलं आहे. तुम्हाला वाटतं ते आपलं नाव आहे.

तर त्या दिवशी मी स्टुलावरून उठले नाही. रात्री तुझ्या बाबांना सांगितलं, असं असं त्या म्हणाल्या. ते लॅपटॉपमध्ये बघत म्हणाले, “आई, सोड ना. त्यांच्या तोंडून निघून गेलं असेल.” मी म्हटलं, तू एकदा विचार त्यांना. ते म्हणाले, “कशाला विषय वाढवायचा? त्या अजून महिनाभर आहेत. मला ऑफिस सांभाळायचंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी किटामध्ये तुझे बूट काढत होते. नवीन शिक्षिका होती. तिने माझ्याकडे बघून तुला काहीतरी विचारलं. मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तू उत्तर दिलंस. त्यातला एक शब्द मला कळला. ‘हिल्फ्ट’. इंग्रजीला तो इतका जवळचा आहे की न कळायला वाव नव्हता. ही आमच्याकडे मदत करते. शिक्षिका मला हात करून हसली, जसं कामाच्या बाईकडे बघून चांगले लोक हसतात.

तू खोटं बोलली नाहीस. तू चार वर्षांची होतीस, आणि घरात जे ऐकलंस ते सांगितलंस. तुझ्यावर माझा राग तेव्हाही नव्हता. मी तुझे बूट मांडणीत ठेवले. माझ्याच नातीच्या तोंडून, मला न येणाऱ्या भाषेत, आणि ‘नाही’ म्हणायला माझ्याकडे एक शब्द नाही.

ओसरीवर तरी मला भाषा येत होती.

परत येताना वाटेत वाचनालयाची इमारत लागते. तिच्या वरच्या मजल्यावर फोल्क्सहोखशूलेची छोटी शाखा आहे. मोठ्या माणसांसाठीची ही सरकारी शाळा, कोणीही जावं, काहीही शिकावं. मुख्य ठिकाण मोठ्या गावात होतं, इथे चार-पाच खोल्याच. बाळ त्या सकाळी विहीणबाईंकडे होतं. मी जिना चढले.

ऑफिसातल्या बाईंना इंग्रजी येत होतं. त्यांनी आपुलकीने सांगितलं, सकाळचा वर्ग रोजचा आहे, तीन तास बसावं लागतं, तुमच्या वयाला त्रास होईल. ऑनलाइनही आहे, घरबसल्या, तेच पुस्तक. बऱ्याच आज्या तोच घेतात.

मी म्हटलं, “मला इथे यायचंय.”

“आल्झो, तर मग प्रत्यक्ष वर्ग,” म्हणत त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी निवडलं. मग पासपोर्ट मागितला. पासपोर्टवर माझं जुनंच नाव आहे.

रात्री घरात वादळ. तुझ्या आईने व्यवहाराचं विचारलं, सकाळी बाळाला कोण बघणार? विहीणबाई म्हणाल्या, माझी कंबर. तुझ्या बाबांनी मला बाल्कनीत नेलं आणि दार ओढून घेतलं. मला वाटलं, बाळावरून बोलतील.

“ऑनलाइन कर, आई. मी तुझ्यासाठी वेगळा टॅब आणतो. स्वतंत्र. कोणाच्या मागे बसायला नको.”

“मग वर्गात काय वाईट आहे?”

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, “तिथे आपले लोक येतात. कंपनीतल्या मुलांच्या बायका. आणि हे जर्मन लोक आडनावानेच हाक मारतात.”

तेव्हा मला कळलं. टॅबवर कॅमेरा बंद ठेवता येतो. नाव काहीही टाकता येतं. माझा मुलगा मला शिकायला नाही म्हणत नव्हता. दिसायला नाही म्हणत होता.

मी विचारलं, “मी तुझी कोण आहे, असं सांगतोस लोकांना?”

“आई, प्लीज.”

“सांग ना.”

ते रडले. तुझे बाबा, एवढे मोठे इंजिनिअर, बाल्कनीत उभं राहून रडले. म्हणाले, तुला माहीत नाही मी किती ऐकलंय कॉलेजात. इथे येऊन पहिल्यांदा कोणी काही विचारलं नाही. मला एवढी एक जागा राहू दे. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचं दुःख खरं होतं, आजही खरं आहे. पण मला पुसून टाकून त्यांची जागा तयार होत होती, आणि मी तिथे उभी होते, जिवंत.

सोमवारी मी वर्गात गेले.

टेबलं अर्धगोलात मांडलेली. सवयीने मी दाराजवळची खुर्ची घेतली. शिक्षिकेने येऊन हाताने खूण केली, इथे नाही, तिथे, फळ्यासमोर. सगळ्यांना जाड कागदाची घडी आणि मार्कर दिला. त्यावर नाव लिहून पुढ्यात उभं करायचं, मोठ्या अक्षरात, समोरच्यालाही दिसेल असं. सीरियातून त्या सुमारास खूप लोक आले होते, त्यांतला एक दाताचा डॉक्टर माझ्या उजवीकडे. डावीकडे घरं साफ करणारी एक पोलिश बाई. समोर, बरोबर समोर, आपली एक मुलगी. गळ्यात मंगळसूत्र, अंगात जाकीट. तुझ्या बाबांच्या विभागातल्या एकाची बायको, नाशिककडची. बाळाला बघायला तुमच्या घरी येऊन गेलेली. तिने मला ओळखलं, हसली.

मार्कर माझ्या हातात होता. नुसतं पहिलं नाव लिहिता आलं असतं. दोघं-तिघं तसं लिहीत होते.

मी आडनाव लिहिलं. माझ्या वडिलांचं नव्हे, सासरचं. पण तेही तसलंच, ऐकताच माणूस कळणारं. कागद उभा केला.

शिक्षिकेने वाचलं आणि ‘फ्राऊ’, म्हणजे श्रीमती, लावून मला हाक मारली. मग तीन तास त्याच नावाने. फ्राऊ अमुक, तुम्ही वाचा. फ्राऊ अमुक, फळ्यावर या. वर्गातल्या कोणाला त्या नावाचं काही वाटलं नाही. एकीला वाटलं. मधल्या सुट्टीत ती कॉफीचा कप घेऊन शेजारी आली.

“काकू, तुमचं आडनाव दादांपेक्षा वेगळंय. म्हणजे तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“मूळची म्हणजे गाव विचारतेस, की दुसरं काही?”

“नाही हो, असंच.”

“असंच कोणी विचारत नाही. तुला जे वाटतंय तेच आहोत आम्ही.”

ती कॉफीत बघत म्हणाली, “आम्ही नाही मानत तसलं काही.” पुढच्या दिवसापासून ती दुसऱ्या टोकाला बसायला लागली.

आठवड्यात ते तिथल्या मराठी मंडळाच्या सगळ्या घरांत पोचलं. कोणी भांडलं नाही. फक्त तुझ्या आईला गणपतीच्या मोदकांच्या ग्रुपमधून विचारणं बंद झालं. विहीणबाई मला म्हणाल्या, “माझ्या मुलीच्या संसारात विष कालवलंत. एवढी वर्षं आम्ही झाकून नेलं.”

मी म्हटलं, “तुम्ही झाकलं नाहीत, विहीणबाई. तुम्ही रोज काच धूत होतात.”

तुझे बाबा रात्री उशिरा आले. बूट काढायच्या आधीच बोलले. “तू मुद्दाम केलंस.”

“हो.”

“क्लास सोड. मी लोकांना काहीतरी सांगतो. नाहीतर तिकीट अलीकडे आणतो.”

मी पुस्तक बंद करून म्हटलं, “आण.”

त्यांना वाटलं नव्हतं मी असं म्हणेन. मलाही वाटलं नव्हतं.

विमानाच्या आदल्या दिवसापर्यंत मी वर्गात गेले. कोर्स अर्धा राहिला. शेवटच्या सकाळी तुला किटामध्ये सोडलं. त्या नवीन शिक्षिकेसमोर उभी राहिले आणि सांगितलं, मी हिच्या वडिलांची आई आहे. व्याकरण बहुतेक चुकलं. ती म्हणाली, “आख झो,” म्हणजे अच्छा, असं होय. तू माझ्याकडे पाहिलंस, पहिल्यांदा मी तुझ्या भाषेत बोलले म्हणून, आणि आत पळालीस.

त्यानंतर मला आमंत्रणपत्र आलं नाही. फोन येतात, सणाला. स्क्रीनवर तुम्ही दोघं असता, मागे कोणीतरी तुम्हाला ‘हॅलो म्हण’ सांगत असतं. मग रेंज जाते. बाबांना मी दोष देऊन थकले आणि न देऊनही थकले. अशा संध्याकाळी येतात की वाटतं, काय गरज होती? टॅब घेतला असता तर आज नातवंडं मांडीवर असती. हे मी रोज स्वतःला विचारते, आणि रोज उत्तर तेच येतं. ती मांडी कामवालीची असती.

इथे औरंगाबादमध्ये जर्मनचा एक वर्ग निघाला आहे, पुण्याच्या संस्थेची शाखा, शनिवार-रविवार. त्यांचंही ऑनलाइन आहे. मी रिक्षाने जाते, पहिल्या रांगेत बसते. पोरंपोरी मला नातवंडं शोभतील अशी. पहिली परीक्षा झाली. दुसरीची तयारी चालू आहे.

पर्यटकाच्या व्हिसाला मुलाचं पत्र लागत नाही. माझी पेन्शन पुरते. मी येणार आहे, माझ्या नावाने, माझ्या पासपोर्टवर. तुमच्या घरी उतरणार नाही. बेल वाजवीन. दार उघडलं नाही तर खाली रस्त्यावर उभी राहीन, तुम्ही शाळेतून येईपर्यंत. मग तुमचं खरं आडनाव तुम्हाला सांगीन, ते कुठून आलं आणि ते कोणी का पुसलं ते सांगीन, सगळं जर्मनमध्ये, म्हणजे मधे कोणाला भाषांतर करता येणार नाही.