क्वार्टरचा नंबर

बडनेऱ्यात माझ्या वडिलांबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही. देवराव हवालदार म्हटलं की ऑटोवालासुद्धा थेट दारात आणून सोडतो. चोवीस वर्षं फौजेत काढलेला, सुपारीचंही व्यसन नसलेला, गल्लीत कोणाकडेही मयत झाली की पहिला हजर असणारा माणूस. मी त्यांची मुलगी, पायल. मी वाईट बोलणार आहे.

बाबांना घरात बसवत नाही. सकाळी सायकल, मग पक्षी बघत भटकणं, आणि रविवारी गळ घेऊन तलाव. हा नाद फौजेतला. पहाडातल्या पोस्टिंगला असताना थंडगार नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मासे पकडायचे म्हणे. हातभर लांबीचा मासा छातीशी धरलेले त्यांचे फोटो आमच्या बैठकीत ओळीने लावलेले आहेत. आईसोबतचा फोटो एकच, लग्नातला.

माझी आई जाईबाई ती सगळी वर्षं अकोल्याच्या जुन्या शहरात सासूच्या हाताखाली होती. मोर्णा नदीजवळ दोन खोल्या, एक नळ, आणि आजीची जीभ. मी आणि माझा भाऊ संघपाल तिथेच वाढलो. बाबा सुट्टीवर यायचे ते ट्रंकेत अक्रोड आणि तोंडात गोष्टी घेऊन. जिथे सीमेवरची धामधूम नसते अशा ठिकाणी जवानाला बायकापोरांसाठी क्वार्टर मिळतं, पण त्यासाठी नंबर लागावा लागतो. आई दर फोनला एकच विचारायची, "नंबर लागला काय?" बाबा म्हणायचे, "लय लोकं हायेत वरतं. लागन."

त्या 'लागन'वर आई जगली. पहाडात पोरं गारठतील म्हणून ती स्वेटर विणायची, तेही अकोल्याच्या मे महिन्यात. घामाने लोकर बोटांना चिकटायची. शेजारच्या बेबीताई दारातून ओरडायच्या, "जाई, उन्हायात थंडी वाजून राहिली काय वो?" आई हसायची. आम्ही वाढायचो, ती जुनं उसवून मोठं विणायची. मग आजी गेली, बाबा निवृत्त झाले, बडनेऱ्यात घर बांधलं. नंबर काही लागला नाही. नशिबात नव्हतं, असं आई म्हणायची, आणि खरंच तिचा कोणावर राग नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात ओमप्रकाशकाका आणि शकुनकाकू जेवायला आले. काका बाबांच्याच पलटणीतले, परतवाड्याकडचे. बाबांनी आदल्या दिवशी पकडलेली मरळ स्वतः तळली होती. काका खूश. दुसरा तुकडा तोंडात टाकत म्हणाले, "वैनी, तुमच्या मानसासारखं दिल कोनाचं नाई. माहा पोट्टा तिकडच्या चांगल्या शाळेत शिकला, इंजिनेर झाला, तो याईच्यामुळं. क्वार्टरचा नंबर देवरावभाऊचा लागला होता. चाबी हातात भेटून राहिली होती. यानं हापिसात सांगतलं, माही फॅमिली येत नाई म्हनते, ओमप्रकाशले देऊन टाका. अन् एकदा नाई वैनी, दोन पोस्टिंगले!"

बाबा ताटातला काटा निवडत बसले.

शकुनकाकूंना वाटलं, कौतुकात आपणही भर घालावी. "आमी साऱ्या बाया म्हनो, वैनीले अकोल्याचं लय याड हाये. नवरा एकटा हाल काढून राहिला अन् ह्या काई येत नाईत."

आईने काकांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. "घ्या ना," म्हणाली. काकूंना निघताना ओटी भरावी तसं पसाभर शेंगदाणे बांधून दिले. बाबा त्यांना स्टँडवर सोडायला गेले आणि ती भांडी घासायला बसली. माझ्या डोक्यात तर असा संताप होता की बैठकीतले सगळे मासे काचेसकट रस्त्यावर फेकावेत.

बाबा परत आल्यावर तिने एवढंच विचारलं, "काहून?"

"माय एकटी पडली असती," बाबा म्हणाले.

"मायचं नाव नोका घेऊ. मायच मले म्हने, जाय बाई त्याच्यापाशी, माहं मी पाहून घेईन."

बाबा खुर्चीत बसले. आमच्या बाबांना खोटं बोलता येत नाही, हेही गल्लीत सगळे सांगतात. मग खरं बोलले. "मले सवय लागली होती, जाई. ड्युटी सुटली का नदी अन् आपला गळ. फॅमिली आली का भाजी आना, शाळेत जा, बायाईचे भांडनं सोडवा. मले एकट्यालेच बरं वाटे."

मला वाटलं, आता ती रडेल. पण तिला भलतंच झोंबलं होतं. "अन् नाव माहं घेतलं? मी येत नाई म्हनलं? मी?"

दुसऱ्या दिवशी तिने शकुनकाकूंकडून पलटणीतल्या बायांचे फोन नंबर मागून घेतले. मी अमरावतीला राहते; पुढच्या शनिवारी पुन्हा घरी गेले, तर ही पलंगावर बसून एकेकीला फोन लावतेय. कोणी साताऱ्यात, कोणी बिहारमध्ये. जुन्या शहरात कानावर पडलेली मोडकीतोडकी हिंदी: "मैं जाईबाई. देवराव की घरवाली. मैं नहीं बोली थी जी, कि नहीं आती. मेरे को किसीने पूछाच नहीं." पलीकडच्या बाया गोंधळायच्या, तब्येत विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "आता कायले गावभर करून राहिली? इतक्या वर्सानं कोनाले याद रायते?"

संताप असूनही मला त्यांचं पटलं. खरंच, कोणाला आठवणार? राजस्थानातल्या एका बाईला तर देवराव कोण तेच कळेना. आईने कंपनी सांगितली, गाव सांगितलं. शेवटी म्हणाली, "वो जी, नदी पे मछली पकडने जाते थे, वो."

फोन स्पीकरवर होता. ती बाई एकदम हसली. "अरे हाँ हाँ, वो! जिनकी घरवाली आती नहीं थी!"

"हां," आई म्हणाली. "वहीच मैं. पर मैं आनेवाली थी." आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.