अर्धा मिनिट कुणी हलू नका

रफिकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, माझ्या दुकानात, एका हळदीचं शूटिंग कापत बसलो होतो. कानांवर हेडफोन, त्यात डीजेचा दणदणाट. मोबाइल तीनदा वाजून थांबला, मला पत्ताच नाही. चौथ्यांदा स्क्रीन उजळलेली दिसली म्हणून उचलला. अमळनेरहून त्यांचे मेहुणे होते. "भाऊ, रफिकभाई गयात," एवढंच बोलले. ज्या माणसाने मला इतकी वर्षं 'नीट ऐक' म्हणून सुनावलं, त्याची शेवटची बातमीसुद्धा मला वेळेवर ऐकू आली नाही...

मी लग्नांचं शूटिंग करणारा माणूस. सात-आठ वर्षांपूर्वी आपल्या बोलीत भुताचा सिनेमा काढायची खाज सुटली. कॅमेरा होता, भूतही घरचंच होतं, तोंडाला पावडर फासलेला चुलतभाऊ. पहिली दहा मिनिटं घरी दाखवली तर सगळे पोट धरून हसले. कुणीतरी म्हणालं, अमळनेरला एक पिंजारी आहे, नाना तऱ्हेचे आवाज काढतो, त्याला गाठ. गेलो. रफिकभाई गाद्यांचा कापूस पिंजत होते, पापण्यांवरसुद्धा कापूस बसलेला. मोबाइलवर माझं भूत बघून ते हसले नाहीत. उलट माझी कीव आल्यासारखे म्हणाले, "भाऊ, भूत दखाडू नको. ऐकाड."

त्या एका वाक्यावर आमचा सिनेमा उभा राहिला. हाडं मोडायची तर कपाशीच्या वाळलेल्या काड्या, पऱ्हाट्या, मांस फाटायचं तर केळीचा खांब, हाताने सोललेला. वडिलांची कापूस पिंजायची जुनी धनुष्यासारखी पिंजण त्यांनी माळ्यावरून काढली, तिच्या ताणलेल्या तातीवर एक ठोका दिला आणि मला तो आवाज कॉम्प्युटरवर चौपट संथ करायला लावला. काळजाखालून काहीतरी सरपटत गेल्यासारखं वाटलं. दचकवायच्या आधी चार अंक मोजेपर्यंत सगळे आवाज बंद, हा त्यांचा नियम. माणूस आवाजाला भीत नाही, आवाज थांबला की भितो, असं ते म्हणायचे. आणि प्रत्येक सीन झाला की त्या खोलीचा नुसता आवाज भरून घ्यायचे, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. तेवढ्यापुरते ते हेडमास्तरांसारखे शुद्ध मराठीत येत: "अर्धा मिनिट कुणी हलू नका." आम्ही पुतळे होऊन उभे. मी नंतर फाइल साफ करताना हे वाक्य कापून टाकी आणि पुढची शांतता ठेवी.

मग एक दिवस म्हणाले, भुताला श्वास पाहिजे. माइक तोंडाशी धरून त्यांनी स्वतःच श्वास घेतला. खर्जातून वर चढणारा, शेवटी बारीक शिट्टी वाजवून अडकणारा... माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी विचारलं, "कसा काढता हो हा?" ते म्हणाले, "काढस कोठे भाऊ, आपोआप येस. कापूस शे छातीमा." मला तो त्यांचा विनय वाटला. अजून खोल घ्या, पुन्हा एकदा, शिट्टी जरा लांबवा, असं मी त्यांना दुपारभर पिदडलं. मग तीन दिवस बसून ती शिट्टी वाढवली, तिला घुमारा दिला. कान नावाची वस्तू देवाने मला कशाला दिली होती कोण जाणे.

अमळनेरच्या एका हॉलमध्ये दुपारी खिडक्यांना काळी कापडं लावून आम्ही सिनेमा दाखवला. चार अंकांची शांतता झाली, आणि मग तो श्वास आला. अख्खा हॉल किंचाळला, एकाची चप्पल राहिली ती राहिलीच. बायकांच्या रांगेत रफिकभाईंची बायको, म्हणजे आमच्या भाभी, तोंडाला ओढणी लावून रडत होत्या. "बघा, भाभी सगळ्यांत जास्त घाबरल्या!" म्हणून मी टाळीसाठी हात पुढे केला. रफिकभाईंनी टाळी दिली, पण भाभींकडे बघितलं नाही. त्या श्वासाशेजारी ज्या बाईने वर्षानुवर्षं रात्री काढल्या, तिला भुताची कसली भीती? तिने तो ओळखला होता.

पुढे धुळ्याच्या दवाखान्यात तोच श्वास मी खाटेजवळ बसून ऐकला. तीच शिट्टी, तसंच अडकणं. डॉक्टर नळी लावून ऐकत होते, मला नळीशिवाय ऐकू येत होतं. आवाज कमी-जास्त करण्यात माझी हयात गेली, पण तिथे मला काहीच करता येत नव्हतं. ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी बुडबुडत होतं. रफिकभाईंनी तिकडे बोट केलं आणि मास्कमधून म्हणाले, "हाऊ आवाज भारी शे, भाऊ." रेकॉर्डर दुकानात राहिला होता. उद्या आणतो म्हणालो, पण त्याआधीच त्यांना घरी अमळनेरला नेलं. तीच आमची शेवटची भेट.

चाळिसाव्याला गेलो तेव्हा भाभींनी विचारलं, "भाऊ, त्यासना बोलाना आवाज शे का तुमनाजवळ?" मी छातीठोकपणे हो म्हणालो. मग दोन दिवस सगळ्या फाइली उपसल्या. केळीचा खांब, पऱ्हाट्या, दारं, पावलं, पिंजण... बोलणं कुठेच नाही. माइक कायम त्यांच्या हातात, दुसऱ्याकडे तोंड करून धरलेला. त्यांचं एकच वाक्य दर वेळी भरलं जायचं आणि ते मी माझ्या हाताने कापत आलो होतो. उरली होती फक्त खोल्यांची शांतता. ती मोठी करून ऐकली तर तळाशी हळू, शिट्टीचा श्वास. आम्हाला हलू न देणाऱ्या माणसाला स्वतःचा श्वास काही थांबवता आला नव्हता.

रेकॉर्डर घेऊन अमळनेरला गेलो आणि भाभींना खरं ते सांगितलं. बोलणं नाही, एवढंच आहे, मला माफ करा. त्यांनी हेडफोन लावले. मी चहाचा कप खाली ठेवायला गेलो तर हात वर करून त्यांनी मला थांबवलं. अर्धा मिनिट आम्ही दोघंही हललो नाही. फाइल संपली, तरी त्यांनी हेडफोन काढले नाहीत.

"परत लावा, भाऊ," त्या म्हणाल्या.