रशियन येतं, असं मी बोललो

उम्म अल हस्समला माझं कोल्ड स्टोअर होतं. बहारीनमध्ये किराण्याच्या दुकानाला असंच म्हणतात. ते मी शून्यातून उभं केलं. मागच्या खोलीत कांद्या-बटाट्याची पोती रचून जहाजांना भाजीपाला पुरवायचा धंदाही मीच सुरू केला. पुढे दोन गल्ल्या सोडून माझा गाववाला राहायला आला. रत्नागिरीकडच्या एकाच वाडीतले आम्ही, एकमेकांच्या अंगणात वाढलेले. त्यानेही हाच धंदा धरला. फरक एवढाच, की त्याच्याकडे अमेरिकन जहाजं होती आणि माझ्याकडे बाकी सगळी.

ती अमेरिकन जहाजं माझी व्हायची होती. हे मी आजही म्हणतो.

आखातात येण्याआधी आम्ही दोघं मुंबईच्या गोदीत कारकून होतो. संध्याकाळी रशियन शिकायला जायचो. वर्ग रशियनांनीच चालवलेला, फी नावापुरती, वर जाडजूड रंगीत पुस्तकं जवळजवळ फुकट. गोदीत त्यांची जहाजं यायची, तेव्हा भाषा आली तर बढती मिळेल असा आमचा हिशोब. यात राजकारण कुठलं? लहानपणी शाळेत अमेरिकेच्या पावडरीचं दूध प्यायलो, मोठेपणी रशियाची पुस्तकं वाचली. आपला देशही तसाच. पोलादाचा कारखाना एकाकडून, गहू दुसऱ्याकडून. समोरासमोर दोन दुकानं असली आणि दुकानदारांचं आपसात फाटलेलं असलं, की गिऱ्हाईकाने एकाच्या ओट्यावर उभं राहून दुसऱ्याचा भाव मोठ्याने विचारायचा. माझी आई बाजारात हेच करायची. दिल्लीची मंडळी जगाशी कशी वागतात ते मला कधी कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

त्या वर्गात गाववाला पहिला यायचा आणि मी दुसरा, हेही सांगून ठेवतो.

बहारीनमध्ये मात्र एकच दुकान उघडं होतं. बंदरात अमेरिकेचं आरमार, गल्फच्या आकाशात त्यांचीच विमानं. रशियाचा झेंडा मी इथे कित्येक वर्षं पाहिलाच नव्हता. हे डोळ्यांना दिसत होतं, पण अंगातली सवय मुंबईची.

कुवेतचं युद्ध संपलं त्या उन्हाळ्यात अमेरिकन जहाजांची रीघ लागली. ताज्या भाजीसाठी त्यांना नवा पुरवठादार हवा होता. मीना सलमान बंदरातल्या एका एजंटाच्या ऑफिसात त्यांचा खरेदी-साहेब बसला. निवृत्त नौसैनिक, टक्कल पडलेला, मान उन्हाने भाजलेली. आम्ही दोघंही गेलो. आधी मला बोलावलं. माझा माल बघितला, भाव बघितला, खूश दिसला. मग सहज विचारलं, "भाषा कुठल्या येतात?"

मी म्हणालो, "इंग्लिश, हिंदी, कामापुरती अरबी." थांबायला हवं होतं म्हणतात सगळे. का थांबायचं? चार वर्षं संध्याकाळी डोळे फोडून शिकलो होतो. वर म्हणालो, "आणि रशियन." नुसतं सांगितलं नाही, "दोब्री द्येन, साहेब" असा रशियनमध्ये नमस्कारही करून दाखवला.

त्याचं पेन थांबलं. "कुठे शिकलास?"

"मुंबईत. रशियन लोकच शिकवायचे. फार चांगले लोक."

बाहेर आलो तेव्हा गाववाला बाकावर बसला होता. मी त्याला म्हणालो, "भाषा विचारतोय. रशियन सांग."

"हो हो," तो म्हणाला आणि आत गेला. दार अर्धं उघडं होतं. माझ्या कानांनी ऐकलं, "इंग्लिश अँड हिंदी, सर. लिटल अरेबिक."

काम त्याला मिळालं. एजंटाच्या ऑफिसातला मल्याळी क्लार्क नंतर मला म्हणाला, "अरे भाई, तुमने रशियन क्यों बोला? खलास!" आणि त्याच थंडीत सोव्हिएत देशच मोडला. एवढा अवाढव्य देश. त्याला थोडं आधी मोडायला काय झालं होतं?

मग सुरू झालं त्याचं वैभव. मोठी अमेरिकन गाडी आली. आरशाला लटकवलेली, जहाजाचं नाव शिवलेली टोपी आली. एकदा अमेरिकनांनी दिलेला टर्की पक्षी त्याच्या बायकोने मालवणी मसाला घालून शिजवला आणि आमच्याकडे डबा पाठवला. मी हात लावला नाही. मुलीने चाटूनपुसून खाल्ला. ती ईसा टाउनच्या शाळेत जायची, गाववाल्याच्या मुलांच्याच बसने. "पप्पा, व्हाय डोंट वी हॅव शिप्स लाइक अंकल?" तिने विचारलं. मी ताट आपटलं.

बायको म्हणाली, "त्याने काय तुमच्या ताटातलं काढून घेतलं?"

"तोंडातलं काढलं!"

"तोंड आधी कुणी उघडलं होतं?"

तिच्याशी मी त्या आठवड्यात बोललो नाही.

काही वर्षांनी एक रशियन युद्धनौका पाहुणी म्हणून मीना सलमानला लागली. मी शेजारच्या धक्क्यावर एका ग्रीक बोटीवर कांदा चढवत होतो. बघतो तर अमेरिकनांतर्फे पाहुण्यांना फळं-भाजी भेट द्यायची होती आणि ती घेऊन आला होता माझा गाववाला. शेजारी तोच टकला साहेब. रशियन आचारी हातवारे करत होता, कुणाला काही कळत नव्हतं. आणि मग गाववाला घडाघडा रशियन बोलायला लागला. मुंबईतल्यासारखं, स्वच्छ, पहिल्या नंबराचं. आचारी हसला, त्याला मिठी मारली. साहेबाने त्याच्या पाठीवर थाप दिली. "तू रशियनही बोलतोस? कमाल आहे तुझी!"

माझ्या हातातलं पोतं खाली पडलं. मी तसाच तिकडे गेलो. आता याला उघडा पाडतो, म्हटलं. काम त्याच्याकडून सुटलं तर माझ्याकडेच येईल.

साहेबाला म्हणालो, "हा माझ्याच वर्गात होता! तुम्ही भाषा विचारलीत तेव्हा यानं तुमच्यापासून लपवलं. मी खरं सांगितलं तर मला हाकललंत!"

साहेबाला मी आठवतही नव्हतो. तो हसला. "अरे, ते सगळं संपलं आता. आता ते दोस्त आहेत आमचे." आणि गाववाल्याकडे वळून म्हणाला, "म्हणजे तू तेव्हाही हुशारच होतास."

गाववाल्याने मला हाताला धरून बाजूला घेतलं. "ओरडू नको रे. लोक बघतायत."

"बघू देत! तुला मी सांगितलं होतं ना, रशियन सांग म्हणून?"

"म्हणून तर नाही सांगितलं. तू बाहेर आलास तेव्हा तुझं पडलेलं तोंड बघितलं की मी." मग म्हणाला, "हे बघ, ही बोट इथे राहील तोपर्यंतचा कांदा-बटाटा तू दे. मला एकट्याला झेपणार नाही. भाव सांग."

त्याला झेपलं असतं. मला माहीत होतं, त्यालाही. पण धंदा म्हणजे धंदा. मी नाही म्हणालो नाही. मुद्दाम बाजाराच्या दीडपट भाव सांगितला. तो डोक्याला हात लावेल, निघून जायचं नाटक करेल, मी शिव्या घालेन, शेवटी तो थोडा चढेल आणि मी थोडा उतरेन. लहानपणी वाडीत गोट्यांसाठीसुद्धा आम्ही तासभर भांडायचो.

"चालेल," तो म्हणाला आणि आचाऱ्याकडे परत गेला.

घरी आलो. बायकोने विचारलं, "रशियन बोटीची ऑर्डर मिळाली म्हणे. मग तोंड असं का?"

"भाव केला नाही त्यानं माझ्याशी," मी म्हणालो. "मागितला तेवढा देऊन टाकला."