चुकीची अट दिली की आमचा डीबगर गप्प!

मंडळी, आज इतकी किळस आलीय की दुपारी जेवणच गेलं नाही.

मी दिवेआगरला घरून टेस्टिंगचं काम करते. आमची कंपनी डीबगर बनवते, म्हणजे चालू प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवून चूक शोधायचं साधन. 'अमुक अट खरी असेल तरच थांब' असंही त्याला सांगता येतं.

पण अटच चुकीची लिहिली असेल तर? त्याने थांबून तसं सांगायला हवं. सकाळी मी मुद्दाम चुकीच्या अटी दिल्या. हा चकार शब्द न काढता पुढे पळाला. वापरणाऱ्याला वाटणार, सगळं ठीक आहे.

टीम लीडला सांगितलं, तर म्हणाला, "ती टेस्टच काढून टाक ना. रिझल्ट हिरवा दिसेल, सगळं पास."

मी नाही म्हटलं. थोड्याच वेळात क्लायंटच्या कॉलवर हाच माणूस माझं नाव घेऊन म्हणतो, "यांनी सगळं तपासलंय, ओके आहे."

मी माईक चालू केला. "सर, ओके नाहीये. थांबा, दाखवते." आणि दाखवलं. नव्या आवृत्तीचं रिलीज लांबणीवर पडलं.

नंतर त्याचा मेसेज आला, 'टीमची लाज राखायची असते.' वाचून शिसारीच आली.

तुमच्या नावावर कोणी असं खोटं खपवलं, तर तुम्ही तिथल्या तिथे बोलता का हो?