नाव भिंतीकडे

मोड द्यायला आलेली बाई पिशवी कधी काउंटरवर ठेवत नाही. खाली पायाशी ठेवते, एकदा रस्त्याकडे बघते, आणि मग हळू आवाजात विचारते, "जुनं पितळ घेता का?" मोड म्हणजे घरातली जुनी भांडी. ती वजनावर घालायची आणि बदल्यात नवं स्टील न्यायचं, नाहीतर रोख. जालन्यात मी ज्या भांड्यांच्या दुकानात कामाला आहे, तिथं मोड घ्यायचं काम माझ्याकडं आहे.

मी मूळचा इथला नाही. माझं गाव पार तळकोकणात. आठवीत शाळा सुटली, काही वर्षं गावातच आंब्याच्या पेट्या ठोकल्या, मग एका ओळखीच्या माणसाबरोबर इथं सळ्यांच्या कारखान्यात आलो. भट्टीची धग मला सोसली नाही. तिसऱ्या महिन्यात उभ्या उभ्या चक्कर येऊन पडलो. तेव्हा या दुकानाच्या मालकांनी मला ठेवून घेतलं, आणि मालकीणबाईंनी पंधरा दिवस ताकभात घालून उभं केलं. ते उपकार आहेत. म्हणूनच की काय, दुकानात माझ्या हातून काही चुकेल अशी भीती मला सकाळी शटर उघडल्यापासून असते. मालक म्हणतात, "हा गिऱ्हाइकाच्या आधी घाबरून घेतो."

शाळा सुटली तरी वाचन सुटलं नाही, ते या मोडीमुळं. जुन्या भांड्यांवर नावं घातलेली असतात. बारीक ठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं. कुणी दिलं, कुणाला दिलं, कुठल्या गावचे. 'सप्रेम भेट.' 'लग्नानिमित्त.' वजनकाट्यावर ठेवायच्या आधी मी प्रत्येक नाव वाचतो. आठवड्यातून एकदा गाडी येते आणि सगळं वितळायला घेऊन जाते.

एका उन्हाळ्यात भोकरदनकडून एक ताई एसटीनं आल्या. पोत्यात गुंडाळलेली घागर होती. पितळेची, जाड पत्र्याची, पोटावर एका बाजूला मोठा पोचा. गळ्याखाली दोन ओळी नाव: टेंभुर्णीच्या एका बापानं मुलीला लग्नात दिलेली. अक्षरं इतकी सुंदर होती, की ठोकणाऱ्यानं प्रत्येक वेलांटीला वेळ दिला असावा.

"ही माझ्या सासूची हाय," ताई म्हणाल्या. "पोरीला संभाजीनगरला नर्सिंगला घातलंय, फी भरायचीय. घरी माहीत न्हाई कुणाला. दादा, एक करा, हिला जल्दी वितळवून टाका. कुठं दिसायला नको."

"हो ताई," मी म्हणालो. "या गाडीला घालतो."

शब्द दिला आणि पाळला नाही. गाडी आली तेव्हा घागर माळ्यावर होती, गोणपाटाखाली. पुढच्या गाडीलाही तिथंच. दर वेळी मी स्वतःला सांगायचो, पुढच्या वेळी घालू. मालकांना एवढंच सांगितलं होतं, की काही चांगले नग बाजूला काढतोय. तेही 'काढ' म्हणाले, कारण आजकाल शहरातली मंडळी घर सजवायला जुनी भांडी शोधत येतात.

त्या हिवाळ्यात गावातल्या काही पोरांनी एका मंगल कार्यालयाच्या मैदानात जुन्या वस्तूंचा बाजार भरवायचं ठरवलं. मोठ्या बॅनरवर 'व्हिंटेज बाजार'. मालकांनी एक जागा घेतली आणि सगळं माझ्यावर सोपवलं. "मांडणी तू कर. घासू मात्र नको काही, त्यांना काळंच लागतं म्हणे." आठ दिवस मला धड झोप नाही. फुटलं तर, हरवलं तर, काहीच विकलं नाही तर.

रविवारी उजाडताच मी टेम्पोतून माल उतरवला. टेंटवाल्यानं दोन टेबलं दिली होती, त्यांना गुंडाळलेल्या झालरीवर कुठल्यातरी लग्नातले हळदीचे डाग. मागं लाल कनात. मी विटा रचून पायऱ्या केल्या, वर माझ्या पलंगावरची चादर घातली. खालच्या पायरीवर अडकित्ते, पानाचे डबे, वजनं. मधल्या पायरीवर कळशा आणि तपेल्या. सगळ्यात वर, मधोमध, ती घागर. आणि प्रत्येक भांड्याचं नाव समोर, अक्षरांवर ऊन पडेल असं. मागं सरून बघितलं. खोटं कशाला सांगू, छाती भरून आली.

शेजारची जागा एका चाचांची होती. जुनी घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करून विकणारे, दाढी मेंदीनं रंगवलेली. ते तासभर एका रेडिओला वायरी जोडत होते. बॅनरकडं बोट करून त्यांनी मला विचारलं, "व्हिंटेज बोले तो कबाडच ना रे?"

"हो चाचा."

"फिर ठीक है. मैं समझा कुछ नया लाना था." मग त्यांची नजर माझ्या मांडणीवर गेली आणि हातातला पाना तसाच राहिला. "बेटा, ये क्या करके बैठा? सबके नाम बाहर?"

"छान दिसतात ना."

"दिसताच तो है, वही तो मुसीबत." ते उठून आले. आता ते माझ्यासाठी मराठीत बोलले, त्यांच्या पद्धतीनं. "तू बाहेरचा हाय, तुला समजत न्हाई. घरचं भांडं मोडीला कुनी खुशीत देतं का? कुनाची सून देती, कुनाचा भाऊ देतो, दुसऱ्याला पत्ता नसतो. हे काय पुनं न्हाई. हितं माणसं नाव वाचून ओळखत्यात. आन आज बाजूच्या हॉलमधी लग्न हाय, बराबर? राजूर, भोकरदन, सगळीकडचे पाव्हणे येनार. नाव कनातीकडं कर सगळे."

मी तोंडात बोट घालायचंच बाकी होतं. इतकी भांडी वाचली, पण ती देणाऱ्या बाया रस्त्याकडं का बघतात, हे मी कधी वाचलं नव्हतं. घाईघाईनं एकेक भांडं फिरवायला लागलो. खालून सुरुवात केली. वरच्या पायरीपाशी पोचलो तेव्हा संभाजीनगरचं एक जोडपं आलं, त्यांना घागरीचा फोटो हवा होता. नावासकट. मी थांबलो. फोटो झाला, त्यांनी भाव विचारला, "फिरून येतो" म्हणून गेले. मला वाटलं, ही एक राहू दे, ते परत येतीलच. चाचांनी बघितलं, मान हलवली, आणि रेडिओचा आवाज वाढवला.

अकराच्या सुमाराला अक्षता पडल्या. बँड थांबला आणि जेवणाच्या पंगतीआधी पाहुणे मैदानात सांडले. बाया काठापदराच्या, पोरं फुगे घेऊन. बाजारात हसणं सुरू झालं: "हे आमच्या गोठ्यात पडलंय की!" "आजाचा कंदील बघा, केवढ्याला लावलाय!" मीही हसत होतो. आणि मग त्या गर्दीत मला त्या ताई दिसल्या.

हिरवी साडी, डोक्यावर पदर. त्यांचा हात धरून एक म्हातारी चालत होती. बुटकी, नाकात मोठी नथ, दुसऱ्या हातात काठी, आणि काठीपेक्षा जास्त जोर जिभेवर. "हळू चाल की गं, मला काय तुझ्यावानी मोटार लावली न्हाई पायाला." ताईंनी आधी मला ओळखलं. मग वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विझलं. त्यांनी सासूचा हात ओढला, "आई, चला, पंगत बसली असंल." पण म्हातारी काठी रोवून उभी राहिली होती.

"थांब. ती घागर बघू दे."

मी घागर खाली घेतली. पळून जावं असं वाटत होतं, पण जाणार कुठं, माझं गाव इथून सहाशे किलोमीटर. म्हातारीनं नाव वाचलं नाही. तिनं डोळेही वळवले नाहीत तिकडं. बोटं सरळ पोच्यावर नेली आणि जुनी खूण चाचपावी तशी फिरवली.

"हा पोचा मी पाडला," ती म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या वर्सी, आडावर. सासूचा राग घागरीवर काढला." मग मान वर करून, "ही माझी हाय. हितं कशी आली?"

ताईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं. तेवढ्यानं माझ्या तोंडून गेलं, "पोचा काढायला आलीय, आजी. विकायची नाही."

"पोचा काढायला?"

"हो. ताईंनी दिलीय."

"मी... मागं जालन्याला आल्ते ना," ताई कशाबशा म्हणाल्या, "तवा दिल्ती."

"मंग हितं मांडून कशाला बसला?"

"शोभेला," मी म्हणालो. "गिऱ्हाईक येतं."

"अन् पोचा तर तसाच हाय की रे लेकरा!"

शेजारी चाचांना खोकला आला. तो खोकला नव्हता हे आम्हा सगळ्यांना कळलं. ते पुढं होऊन म्हणाले, "अम्मा, ये लडका कामात लई स्लो हाय. मेरा कुकर भी दो महिने से इसके पास पडा." कसला कुकर नि कसलं काय. त्या माणसाची आणि माझी ओळख पाच तासांची होती.

म्हातारीनं आम्हा तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग सुनेला म्हणाली, "जा, माझ्या पिशवीतला चष्मा राह्यला हॉलमधी. घेऊन ये." ताई जाईनात. "जा म्हनलं ना. मी काय पळून जाऊन राह्यले का?" त्या मागं बघत बघत गेल्या.

चष्मा म्हातारीच्या कमरेच्या पिशवीतच होता. तिनं तो काढला, लावला, आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"नातीच्या फीला ना?"

मी खालच्या पायरीवरचे अडकित्ते सरळ करायला लागलो.

"न्हाई सांगत तर नको सांगू. वजन बराबर केल्तं का?"

"बराबर केलं, आजी. मीच केलं. काटा मारला नाही."

"मंग ठीक." ती टेबलाला टेकली. हॉलमधून वाढप्यांचा आरडाओरडा येत होता. "नळ आल्यापासून घागर कोपऱ्यातच पडेल होती. मी काय तिच्यात पाणी भरनार होते का आता? मागितली असती तर दिली असती. एक दोन शिव्या दिल्या असत्या, पन दिली असती." काठीनं जमिनीवर एक रेघ ओढली. "घागर गेली याचं न्हाई रे. ती मला भेली, याचं वाईट वाटलं. मीबी माझ्या सासूला भ्यायची. हा पोचा बघ की."

मी विचारलं, "घेऊन जाता का? मी मालकांना सांगतो काहीतरी."

"न्हाई. नेली तर तिला समजंल मला समजलं म्हनून. मंग आयुष्यभर माझ्यासमोर मान खाली घालून वाढनार. पोरगी शिकून हाताला लागू दे, मंग बघू. तू ठेव." मग काठी माझ्या छातीजवळ आणून, "पन पोचा काढायला घेतली म्हनला ना? मंग काढ. मी इचारायला यीन."

जाताना तिनं स्वतः घागर उचलून पायरीवर ठेवली. दोन्ही हातांनी, पहिल्यांदाच कुठं मांडावी तशी. नाव कनातीकडं केलं. सून धापा टाकत आली तर म्हणाली, "चष्मा हितंच होता गं. तुझं आपलं उगं हेलपाटं. चल, पंगत सुटंल." ताईंनी हात जोडल्यासारखं केलं मला, पदराआडून.

ते जोडपं खरंच परत आलं. घागर मागितली. मी नाही म्हणालो. चाचा मला म्हणाले, "धंदा नक्को करू तू बेटा, तेरेसे होता नही." आणि त्यांच्या डब्यातली अर्धी चपाती मला दिली.

सोमवारी मालकांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, दिलेला शब्द मोडल्याचंही नाही. ते बराच वेळ काट्याचं पारडं पुसत बसले. मला वाटलं, झालं, आता गावची गाडी. "दुकान चालवतो का पंचायत?" ते म्हणाले. मग आत गेले, लाकडी हातोडी आणि लांब वाकडी सळई आणून माझ्यापुढं ठेवली. "म्हातारीला सांगितलंय ना पोचा काढतो म्हणून? मंग काढ. खोटं पडायला नको."

घागरीचं तोंड अरुंद, आतून ठोका बसत नाही. तीन दुपारी लागल्या. बाहेरून ऊब द्यायची, आतून सळई टेकवायची आणि हळूहळू पत्रा वर आणायचा. ठोका जोरात पडला तर पत्रा फाटतो. शेवटी पोट गोल झालं, तरी उजेडात धरलं की पोच्याच्या जागी एक फिकट वर्तुळ दिसतं. ते जात नाही. मी घालवायचा प्रयत्नही केला नाही.

उन्हाळ्यात त्या ताई पुन्हा दुकानात आल्या. या वेळी पिशवी काउंटरवर ठेवली. मोसंब्या होत्या, त्यांच्या शेतातल्या. "पोरगी पास झाली पहिल्या वर्षाला," त्या म्हणाल्या. मग वर फळीवर बघितलं. घागर तिथंच होती, नाव भिंतीकडं. "अजून ठेवलीच का दादा? विकून टाका ना आता. आई घरी तिचं नावबी काढत न्हाईत, पन पुन्हा नजरेला पडली तर?"

म्हातारी त्याआधी दोनदा येऊन गेली होती. एकदा पोचा बघायला, आणि एकदा नुसतीच. बसली, पाणी प्यायली, मला विचारलं, तुझी आई तुला फोन करती का रे. हे काही मी ताईंना सांगू शकत नव्हतो.

"विकता येत नाही ताई," मी म्हणालो. "गिऱ्हाईक ठरलेलं आहे."

"मंग न्हेत का न्हाई?"

"येतील म्हणालेत. घाई नाही त्यांना."

मी एक मोसंबी सोलली, अर्धी त्यांना दिली.