मधुभाऊंची धुमाल

मधुभाऊ वाजवायला उभे राहिले की नवरदेवाकडे बघत नसत. कडेला उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या पायांकडे बघत. एखाद्याची टाच जराशी हलली की कॅसिओच्या पट्ट्यांवरून मान वर न करता मला म्हणत, "विनू, तो धोतरवाला पाह्य. हालून राह्यला. सोडू नोको त्याले!" मग मी ताशा घेऊन त्या माणसासमोर जायचो. थोड्याच वेळात तो सद्गृहस्थ धोतराचा सोगा खोचून वरातीच्या मधोमध नाचत असायचा.

नव्वदच्या दशकात पुलगावला आमची वरातीपुढे वाजवणारी धुमाल पार्टी होती. हातगाडीवर दोन कर्णे आणि बॅटरी, मधुभाऊंचा कॅसिओ, राजूचा ढोल, माझा ताशा. एवढ्यावर आम्ही नाचणगावपासून वडनेरपर्यंतच्या वराती नाचवल्या. मधुभाऊंचं एरवीचं काम रेडिओ-टेप दुरुस्तीचं, त्यामुळे आमचा आवाज वाढवणारी पेटीही त्यांनी स्वतःच जोडलेली. गाणं आमच्याकडे नावापुरतं. दोन ओळी झाल्या की ते सूर सोडून द्यायचे आणि मग नुसता ठेका चालायचा, लोकांच्या चपला हरवेपर्यंत. "गानं मानूस घरी बसून आइकते," ते म्हणायचे, "रस्त्यावर त्याच्या अंगाले काम द्या."

आमचं भांड्यांचं दुकान. पोरगा रस्त्यावर ताशा बडवतो याची वडिलांना लाज वाटायची. मधुभाऊ स्वतः दुकानात आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "काका, भांडे इकाले कोनीबी भेटन. याच्यावानी ताशा मले दुसरा नाई भेटत." त्यानंतर वडिलांनी मला अडवलं नाही. ते वाक्य मी कितीतरी वर्षं मनात बाळगलं.

पुढे मधुभाऊंना ऑर्केस्ट्राचा नाद लागला. ब्लेझर आला, लॉनवरचे कार्यक्रम आले, खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवणारे लोक आले. आमची पार्टी मोडली. त्यांनी संथ गाण्यांची एक कॅसेटही काढली. ती कोणी ऐकली नाही. राजू हिंगणघाटला गेला, मी दुकानात बसलो. ताशा माळ्यावर.

एक दिवस दुपारी ते दुकानात आले. ब्लेझर नव्हता. "विनू, चुकलो बे मी," म्हणाले. "बसलेल्या लोकाईले वाजवून दाखोता दाखोता मीच बसून गेलो. आता सीडी काढतो. आपली जुनी धुमाल. तू, मी, राजू. येतं का?"

वडील थकले होते, दुकान माझ्यावरच होतं. "आता पुन्हा ते खूळ काऊन?" एवढंच ते म्हणाले. मी दुकान बंद करून नागपूरला गेलो.

स्टुडिओत राजू आणि मी एकत्र वाजवूच, असं वाटलं होतं. पण काचेपलीकडून मधुभाऊ म्हणाले, "एक एक ठोका दे. आधी जोरात. आता हलका. आता काठावर." मी देत गेलो. राजूलाही तसंच बसवलं. "जोडाजोडी मी करतो. तुमी फकत मन लावून द्या," असं ते म्हणाले. आम्ही मन लावून दिले.

सीडी निघाली. आम्हाला कोणी बोलावलं नाही, सांगितलंही नाही.

मला कळलं ते वडनेरला, मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नात. वरात निघाली आणि माझी आई गर्दीत टाचा उंचावून पुढे बघायला लागली. "विनू वाजवून राह्यला वाटते," ती शेजारणीला म्हणाली. मी तिच्या मागेच उभा होतो. "आई, मी इथं आहो." तिनं वळून माझे रिकामे हात पाहिले, पुन्हा कान दिला आणि म्हणाली, "मंग हा कोन?"

गर्दीतून वाट काढत मी पुढे गेलो. गाडीवर मोठाले बॉक्स होते आणि मधुभाऊ एकटे उभे होते. समोर रबराची पाटी, तिच्यात स्टुडिओतले आमचे ठोके भरलेले. ते बोट टेकवत, की माझा ताशा वाजे. दुसरं बोट टेकवत, की राजूचा ढोल. लोक वेडे होऊन नाचत होते. काठावरचा तो करकरीत ठोका माझ्या मनगटातून निघालेला होता, आणि मला त्यावर हातही हलवता येत नव्हता.

"भाऊ, आमाले काऊन नाई बोलावलं?"

ते दचकले. मग हसून म्हणाले, "अरे, तू आहेच ना याच्यात! तुवा हात मी जपून ठेवला. तू मेला तरी वाजन."

"मी जित्ता आहो, भाऊ."

ते काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात मागून कोणी तरी ओरडलं, "थांबवू नका!" आणि त्यांनी खाली बघून पाटीवर बोट टेकवलं.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. ते नागपूरला स्थायिक झाले, आणि काही वर्षांनी तिथंच वारल्याचं कळलं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून थोडा वेळ आत बसलो. रडू आलं, आणि कोणासाठी आलं ते कळेना. असा लोकांना नाचवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नाचणगावला भाच्याची वरात होती. त्याच्या हट्टानं मी माळ्यावरचा ताशा काढून गळ्यात अडकवला. बोटं आखडली होती, पण हळूहळू हात बसला. नवरीचा मामा घामाघूम होईस्तोवर माझ्यासमोर नाचला. थांबल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वा! सेम टू सेम सीडीवानी वाजवता हो तुमी. कुठी शिकले?"

मी काड्या खिशात घातल्या.

"आइकून आइकून," म्हटलं.